सातव्या शब्दाला

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता, दवाखान्यात तिच्याशिवाय चिटपाखरूही नसताना, रिकाम्या बूथचा दिवा लागला. बूथ म्हणजे कान तपासायची खोली. खोली कसली, जाड भिंतींचं कपाटच ते. आत एक खुर्ची, खुंटीला हेडफोन, वायरीच्या टोकाला बटण. पेशंट आत बसतो, ती काचेच्या अलीकडे मशीनपाशी. ती बारीक आवाज सोडते, पेशंटला ऐकू आला की तो बटण दाबतो आणि मशीनवर हरभऱ्याएवढा हिरवा दिवा लागतो. सोळा वर्षं ती हेच करत होती. पेशंट यायच्या आधी मशीन तपासून घ्यायचं असा दवाखान्याचा नियम होता आणि तो पाळणारी ती एकटीच होती. खुंटीवरच्या हेडफोनमध्ये सगळे आवाज एकेकदा सोडायचे, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत, आकडे नीट सरकतात की नाही ते बघायचं. आत कोणी नसतं, तेव्हा दिवा लागायचं काही कारणच नसतं. पण तो लागला आणि विझला. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि काचेतून आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बटण काल संध्याकाळी तिने जिथे अडकवलं होतं तिथेच लटकत होतं, हलतही नव्हतं.

मेकॅनिक दुपारी आला, त्याने वायर तपासली, बटण उघडून आत फुंकर मारली, आणि तिच्या समाधानासाठी नवं बटण बसवून दिलं. "बाई, वायर ठणठणीत आहे, तुम्ही जरा रजा घ्या," असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. डॉक्टरांना सगळ्याच दुखण्यांवर रजा हा एकच उपाय माहीत होता, आणि स्वतः ते कधी घेत नसत. बुधवारी सकाळी दिवा पुन्हा लागला. गुरुवारी तिने ठरवलं की आवाज सोडायचाच नाही. मशीन चालू केलं, हात मांडीवर ठेवले आणि काचेकडे बघत बसली. सवयीने तिच्या मनात तिची ओळ सुरू झाली. नऊ वर्षांची असताना मावशीने कानात सांगितलेली प्रार्थनेची सात शब्दांची ओळ. तेव्हापासून ती श्वासासारखी चालू असायची, भाजी निवडताना, रस्ता ओलांडताना, बँकेच्या रांगेत. एक, दोन, तीन, ती मोजत नव्हती, शब्द आपोआप येत होते. सातव्या शब्दाला दिवा लागला. तिने ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा सातव्याला लागला. ती मुद्दाम चौथ्या शब्दाशी थांबली, तर दिवाही लागला नाही. मग तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मनात ओळ म्हणताना ती सातव्या शब्दाला कधी पोचते, हे जगात फक्त एका माणसाला कळायचं, आणि तो आठ महिन्यांपूर्वी मेला होता.

सगळं शहर त्याला घुबड म्हणायचं. शाळेत मास्तर चिडून घुबड म्हणायचे, मोठेपणी त्याने तेच नाव हातभर अक्षरांत पोस्टरवर छापून घेतलं, आणि त्या मास्तरांची नातवंडंही पैसे भरून त्याला बघायला आली म्हणे. काळा कोट, गिटार, आणि कधीही न हसणारं तोंड. भिंतींवर, बसच्या पाठीवर, चहाच्या दुकानात ते तोंड लावलेलं असायचं, आणि ती नजर खाली घालून त्याच्यासमोरून प्रार्थनेला जायची. तिला त्याचं एक गाणंही माहीत नव्हतं. तो पहिल्यांदा तपासणीला आला तेव्हा कागदावरचं खरं नाव वाचून तिने हाक मारली आणि बाकावरचे सगळे पेशंट, ऐकू न येणारेसुद्धा, वळून बघायला लागले, म्हणून तिला कळलं. कार्यक्रमांचे करार करणारी मंडळी दर तीन महिन्यांनी त्याच्या कानांचा दाखला मागायची. हेडफोन लावताना पेशंटचे केस मागे घ्यावे लागतात, कानातलं काढावं लागतं. हे काम तिने हजारो कानांवर केलं होतं आणि तिला कान म्हणजे कान, दुसरं काही वाटत नसे. त्याच्या डाव्या कानामागे जुना टाके घातलेला वण होता. तिचं बोट त्या वणावरून गेलं आणि आपलं बोट आपल्याकडे परत यायला जरा जास्तच वेळ लागतोय असं तिला वाटलं. "माझी कुणाला दया आलेली मला चालत नाही," तो म्हणाला. "मी दया करायला नाही, तपासायला बसलेय," ती म्हणाली. तो खुर्चीत जरा ताठ बसला.

शिकत असताना त्यांच्या सरांनी एक गोष्ट घोकून घेतली होती: हात चुकवायला शिका. आवाज ठरावीक अंतराने सोडला तर पेशंट ऐकत नाही, अंदाज बांधतो. कधी लवकर सोडा, कधी उशिरा, कधी नुसतेच थांबा. तिचा हात चुकवण्यात पटाईत होता. म्हातारेकोतारे, नाटकी पोरं, नोकरीसाठी बहिरेपण लपवणारे, सगळे तिच्यापुढे उघडे पडत. पण काचेपलीकडून हा माणूस तिच्याकडे बघत बसायचा. पेशंटने बाहेर बघू नये म्हणून खुर्ची वळवून ठेवतात, तो ती परत सरळ करून बसायचा. त्याची नजर आली की तिच्या मनाची धांदल उडायची, आणि मन आवरायला ती तिच्या ओळीला धरायची. ओळ घट्ट धरली की जीव थाऱ्यावर यायचा आणि सातव्या शब्दाला बोट आपोआप आवाज सोडायचं. फक्त त्याच्याच वेळी हे व्हायचं. दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी, तिने त्याला असं तपासलं, आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या वर, एका सरळ रेषेत मांडल्या आणि खाली सही केली. कान उत्तम. सोळा वर्षांत कुठल्याही शिकाऊ मुलीने केली नसती अशी चूक ती दर तिमाहीला नेमाने करत होती, आणि तिला वाटत होतं की देवाने तिला सांभाळून घेतलंय.

तो हेडफोन काढता काढता काहीतरी विचारायचा. "तुमचा देव कोणत्या कानाने ऐकतो हो, तपासणीबाई? उजव्या की डाव्या?" ती म्हणायची, "तुम्ही बटण दाबा, देवाचं मी बघते." एकदा म्हणाला, "मी रोज हजारो लोकांपुढे ओरडतो, आणि घरी गेलो की भिंतीकडे बघत बसतो. तुम्ही कुणापुढे ओरडता?" ती म्हणाली, "मी ओरडत नाही. ऐकणारा जवळ असला की ओरडावं लागत नाही." हे तिने पाठ केलेलं नव्हतं, तोंडातून गेलं, आणि नंतर घरी भांडी घासताना तिला आपण असं बोललो याची लाज वाटली आणि थोडा अभिमानही. त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिने त्याचं नाव घेतलं. कोणाचंही नाव घेता येतं, आजाऱ्यांचं, प्रवासाला निघालेल्यांचं. पण त्याचं नाव घेताना तिने आवाज खाली आणला, आणि आवाज का खाली आणला हे तिला कळलं. कळून तिने तो पुन्हा वर केला आणि नाव पुन्हा घेतलं. तिच्या देवापुढे तिने आजवर कधी काही लपवलं नव्हतं आणि हेही लपवायचं कारण तिला दिसेना.

शेवटच्या खेपेला तपासणी झाल्यावर तो बूथमधून बाहेर आलाच नाही. आतल्या माइकवरून म्हणाला, "बाई, मला डाव्या कानाने दोन वर्षं झाली, काही ऐकू येत नाही. उजव्याने अर्धंमुर्धं." ती म्हणाली, "मग बटण कसं दाबता?" "तुम्ही मनात काहीतरी म्हणता. सात मात्रांचं आहे. तुमची हनुवटी जराशी हलते, सातव्याला आवाज येतो. मला आवाज लागतच नाही. मी तुमचं म्हणणं मोजतो." मग तिला राग आला, असा राग की तिने माइक हातात घट्ट पकडला. "दोन वर्षं मला खोट्यात पाडलंत! माझ्या सह्या आहेत त्या कागदांवर!" तो म्हणाला, "हो. दोन वर्षं, तीन महिन्यांतली तीच दहा मिनिटं मी माणसात असायचो, म्हणून बोललो नाही. आता तपासा. हात चुकवून तपासा." तिने त्याची पाठ काचेकडे करायला लावली आणि तपासलं. निळ्या फुल्या पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेल्या, कागदाच्या तळापर्यंत, म्हणजे कान गेल्यातच जमा. मग आत तो हळू आवाजात काहीतरी गाऊ लागला. शब्द नव्हते. सात मात्रांची चाल होती, तिच्याच ओळीची, तिने कधी चालीत म्हटली नव्हती अशी. त्याला स्वतःला ती नीटशी ऐकू येत नसणार. तिने तिच्या कानाला हेडफोन धरला आणि डोळे न पुसता ऐकत राहिली. जगातला त्याचा एवढा एकच कार्यक्रम तिने ऐकला, आणि तो एकटीसाठी होता. "शब्द काय आहेत?" त्याने विचारलं. ओळीचे शब्द प्रार्थनेबाहेरच्या माणसाला द्यायचे नसतात. तिने खऱ्या तपासणीचा कागद उलटा केला, मागे ते सात शब्द लिहिले आणि त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "हे मला पटलं असं समजू नका." "मी कुठे विचारलंय?" ती म्हणाली. तेव्हा तो हसला. पोस्टर छापणाऱ्यांनी ते हसू बघितलं असतं तर त्यांचा धंदा बसला असता, असं तिच्या मनात आलं. तीन आठवड्यांनी, भर दुपारी, रस्ता ओलांडताना डावीकडून वळणाऱ्या गाडीने त्याला उडवलं. ड्रायव्हर पोलिसांना सांगत होता की मी तीन वेळा हॉर्न दिला.

म्हणून त्या गुरुवारी, दिवा सातव्या शब्दाला लागला तेव्हा, तिला आधी भीती वाटली नाही, आधी वाटली ती लाज. तो जाब विचारायला आला असं तिला वाटलं. शुक्रवारी ती पावणेसातलाच आली, प्रार्थना अर्धी टाकून, जे तिने अकरा वर्षांत केलं नव्हतं. माइक लावला आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "माझ्यामुळे गेलात का?" दिवा लागला नाही. तिने पुन्हा विचारलं. नाही. "रागावलात?" नाही. "मग कशाला आलात?" दिवा लागला आणि तसाच राहिला, कोणीतरी बटणावर अंगठा दाबून धरावा तसा, मिनिटभर. ती काचेला कपाळ टेकून उभी राहिली. बाहेर झाडणारीने जिना झाडायला सुरुवात केली, तेव्हा दिवा विझला. त्यानंतर रोज सकाळी ती जायची. तिने दोनदा हात चुकवून त्याची रीतसर तपासणी केली, दोन्ही कान, आठही पट्ट्या, माणसाला ऐकू येतो त्याहून बारीक आवाजापर्यंत. त्याला सगळं ऐकू येत होतं. लाल गोल आणि निळ्या फुल्या कागदाच्या अगदी वरच्या रेषेवर, एकावर एक बसल्या, असा आलेख तिने जन्मात काढला नव्हता. तिने त्याचं नाव आणि तारीख घातली, सही केली, आणि ही सही खरी होती. घरी जाऊन तो कागद तिने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. आता या कानांना हॉर्न ऐकू येईल, हे तिला सारखं आठवायचं आणि ती रडायची, पण दुःखाने नाही, चिडून, की एवढं साधं काम आधी का झालं नाही.

त्या दिवसांत ती सुखी होती. हे तिला कोणी विचारलं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, "रजा घेतलेली दिसतेय, चेहऱ्यावर तेज आलंय." ती हो म्हणाली. सकाळच्या त्या पाऊण तासात ती त्याला काहीबाही सांगायची, काल कोण आलं, कोणी बहिरेपणाचं सोंग घेतलं, त्याला पकडायला हात कसा चुकवला, कोणती आजी मशीन चालू व्हायच्या आतच बटण दाबत सुटली. आता त्यांचं ठरलं होतं, दिवा एकदा लागला की हो, दोनदा लागला की नाही, आणि कधीकधी तो कशालाच उत्तर देत नसे, तेव्हा तो भिंतीकडे बघत बसला असेल असं ती धरून चालायची आणि त्याला तसं बसू द्यायची. एकदा तिने बूथचं दार उघडून आत पाऊल टाकलं. आत थंड नव्हतं, वास नव्हता, काहीच नव्हतं. तिने हात खुर्चीच्या पाठीच्या वर, कान असतो त्या उंचीला धरला आणि मधल्या बोटाला वण लागला. टाक्यांचा, चार टाके, मागून खाली उतरणारा. ती तशीच उभी राहिली. हे पाप आहे का, असं तिने देवाला विचारलं, तिच्या पद्धतीने, सरळ. देव नेहमीप्रमाणे गप्प होता, आणि त्या गप्प राहण्यात तिला आजवर कधीच नकार ऐकू आला नव्हता.

मावशीला कागद सापडला तो पुस्तकातच. आई गेल्यावर सहा वर्षांच्या तिला मावशीने वाढवलं. शिवणशाळेत शिकवणारी, तोंडात टाचण्या धरून बोलणारी, त्या टाचण्या काढल्यावर शब्दही तसेच टोचणारे. छापखान्यावरच्या दालनात रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना भरते, साधे बाक, पांढऱ्या भिंती, तिथली कर्तीधर्ती मावशीच. पहिली ओळ, तीच सात शब्दांची, अकरा वर्षं भाचीच म्हणायची आणि साठ माणसं तिच्यामागून म्हणायची. दिवसभरात तिला कुणाची गरज लागत नसे ती त्या एका ओळीमुळे. मावशीने चष्मा लावून कागद वाचला, उलटा करून पाहिला, तारीख वाचली. "हा तो घुबड ना? हा तर मेला."

"हो."

"मेल्यावर कान तपासलेस?"

"दोन्ही. एकदम चांगले आहेत."

"थट्टा करू नकोस बये." मावशी खाली बसली. ती कधी भाचीसमोर अशी मट्‌कन बसली नव्हती. भाचीने सगळं सांगितलं, अर्धं लपवण्याचा तिचा स्वभावच नव्हता. काच, हनुवटी, सात मात्रा, कागदामागचे शब्द. शब्दांशी येताच मावशीने डोळे मिटले. "ओळ दिलीस? बाहेरच्याला? लिहून?" तिच्या आवाजात राग नव्हता आणि त्याचीच भाचीला धास्ती वाटली. "मग तो जातोय कसला! तू बांधून ठेवलंयस त्याला. ओळ परत घ्यावी लागेल." परत घ्यायची म्हणजे उलटी म्हणायची, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत, तीन वेळा, जिथे तो येतो तिथेच बसून. मग ज्याला ती दिली त्याच्याकडे काही राहत नाही, आणि तो निघून जातो, किंवा निघून जायलाही काही उरत नाही, नक्की काय होतं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. "आणि नाही घेतली तर पहिली ओळ तुला म्हणता येणार नाही. हे मी नाही म्हणत, ही रीत आहे," मावशी म्हणाली.

"रीत कोणी केली?"

"मी नाही केली. मी पाळली." मावशीने चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिली. "शिवणशाळेत कापड बेतणारा एक होता. मी एकोणतीस वर्षांची होते. तापात गेला. त्याच्या कात्रीचा आवाज यायचा मला, कपाटातून, रोज. मी ओळ दिली होती त्याला. मग माझ्या गुरुबाईंनी बसवलं मला कपाटासमोर आणि म्हटली मी उलटी."

"मग?"

"मग काय, थांबला आवाज."

"आणि मग, मावशी?"

"मग काही नाही," मावशी म्हणाली. "शांत झालं सगळं. तुलाही जमेल." भाचीला तिचं ते शांत घर आठवलं, कपाट, कपाटाला लावलेलं कुलूप, ज्याची किल्ली लहानपणी तिने मागितली की चापट बसायची. तिला मावशीची दया आली, आणि मावशीलाही दया आवडत नसे, म्हणून तिने ती दाखवली नाही. रविवारी दवाखाना बंद असतो, रविवारी सकाळी जाऊ, एवढंच ठरलं. दोन दिवस तिने पहिली ओळ म्हटली, साठ माणसांनी मागून म्हटली, आणि प्रत्येक शब्द जिभेवरून जाताना तिला वाटत होतं की ही शेवटची वेळ असू शकेल. ओळ तिला हवी होती. तो तिला हवा होता. दोन्हीसाठी एकच सात शब्द होते, आणि मावशी म्हणत होती की ते शब्द त्याला देऊन पुन्हा दालनातही म्हणता येत नाहीत. तिने रात्रभर देवाला काही विचारलं नाही. विचारायचं असतं ते माहीत नसतं तेव्हा.

रविवारी सकाळी तिने दवाखाना उघडला, मशीन चालू केलं आणि मावशीला तिच्या खुर्चीत बसवलं. "कशाला हात लावू नकोस. हा दिवा. आतलं बटण दाबलं की लागतो." मावशीने दोन्ही हात पदराखाली मांडीवर ठेवले, मशीन म्हणजे चावणारं जनावर असावं तसे. भाची आत गेली. सोळा वर्षांत ती या खुर्चीवर कधी बसली नव्हती. दार ओढून घेतलं तसा बाहेरच्या जगाचा आवाज बंद झाला आणि तिला तिच्या स्वतःच्या मानेतली शीर ऐकू आली, पोटातला पाण्याचा आवाज, जिभेचा टाळूला लागलेला आवाज. इतके दिवस पेशंट म्हणायचे की बाई आत फार एकटं वाटतं, आणि ती म्हणायची दोनच मिनिटं. तिने हेडफोन घातले, केस मागे घेतले, बटण हातात घेतलं. काचेपलीकडे मावशीचे ओठ हलले, सुरू कर. माइकवरून मावशीचा आवाज येत नव्हता, कारण माइक कसा लावायचा ते तिने मावशीला सांगितलं नव्हतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं की विसरली, ते तिला आता कळेना.

तिने सातवा शब्द म्हटला. मोठ्याने, आधी तोच. तो शब्द एकटा, पुढे-मागे कोणी नसताना, असा कधी ऐकला नव्हता. बूथच्या भिंतींनी तो पिऊन टाकला. मग सहावा म्हणायचा होता. ती सहाव्यासाठी तोंड उघडून बसली आणि तिला दिसलं की सहावा म्हटला की पाचवा येईल, पाचव्यानंतर चौथा, शिवण उसवत जावी तसं एकेक टाका, आणि पहिल्यापर्यंत गेल्यावर तिच्याकडे काही राहणार नाही, ना तो ना ओळ, फक्त एक शांत घर आणि कुलूप लावलेलं कपाट. तोंड मिटलं तर मावशी समोर होती. आणि त्याच वेळी डाव्या कानात आवाज आला. खालच्या पट्टीचा, बारीक, सर्वांत बारीक जो ती पेशंटला कधीच पहिल्यांदा देत नसे. तिने काचेतून मावशीच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते. आवाज थांबला, मग पुन्हा आला, जरा लवकर, मग खूप थांबून, मग लगेच. तो हात चुकवत होता. तिला अंदाज बांधू देत नव्हता, तिला खरंच ऐकू येतंय का ते बघत होता. तिला हसू आलं, त्या कपाटात, डोळ्यांत पाणी असताना. सांगितलेलं सगळं लक्षात ठेवलं होतं तर त्याने.

मावशीने तिचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. ती उठली, काचेपाशी आली, मान हलवायला लागली. नको. दाबू नकोस. तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरली आणि त्या वाफेमागे तिचं तोंड एकोणतीस वर्षांच्या मुलीचं दिसत होतं. भाचीने तिच्याकडे बघत ओळ म्हटली, सरळ, पहिल्या शब्दापासून, घाई न करता, दालनात म्हणते तशी, साठ माणसांसाठी म्हणायच्या आवाजात. सातव्या शब्दाला कानात आवाज आला आणि तिने बटण दाबलं. मावशीच्या हनुवटीखाली हिरवा उजेड पडला. मग तिने बटण खुंटीवर अडकवलं, दोन्ही हात वर केले, मावशीला दिसतील असे, उघडे, आणि ओळ दुसऱ्यांदा म्हटली. सातव्याला दिवा पुन्हा लागला.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा मावशी परत खुर्चीत बसली होती. "उलटी नाही म्हटलीस."

"नाही."

"दुसऱ्यांदा तू दाबलं नव्हतंस."

"नाही."

मावशीने मशीनकडे एकदा बघितलं. मग तिने पदर सावरला. "उद्यापासून पहिली ओळ दुसरं कोणी म्हणेल," ती म्हणाली, आणि आवाज मोडला तो तिने खोकून लपवला. "रीत आहे."

"म्हणू दे," भाची म्हणाली. "पण मी येणार. पहिल्याच बाकावर बसणार. ओळ तू मला दिलीस, माझी आहे, मी ती हवी त्याला देईन. त्या दालनातून मला उठवायचं असेल तर चार दांडगी माणसं बोलावून ठेव, एकट्यादुकट्याला मी उठणार नाही."

सोमवारी साडेसहाला दालन भरलं होतं. बातमी छापखान्याच्या आधी पोचली असावी, कारण ती जिना चढून आली तशी कुजबुज थांबली आणि पहिल्या बाकावरच्या दोघी जरा सरकून बसल्या, मग आणखी थोड्या सरकल्या. ती मधोमध बसली. पहिली ओळ म्हणायला टपालखात्यातली एक बाई उभी राहिली. तिचा आवाज चिरकला, तिसऱ्या शब्दाशी ती अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोक मागून म्हणायला लागले. तीही म्हणायला लागली, ठणठणीत आवाजात, इतक्या की पुढच्या शब्दाला सगळे नकळत तिच्याच चालीवर आले, आणि टपालखात्यातली बाईही आली. समोर उंच खुर्चीवर मावशी बसली होती. प्रार्थनेत मावशीचे डोळे कधी उघडे नसायचे. आज होते, आणि ते भाचीच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे लागले होते. सातव्या शब्दाला भाचीने रिकाम्या मुठीवर अंगठा दाबला, बटण दाबावं तसा.